लॉस सँटॉसमधली भातुकली

भातुकली न खेळता इंजिनिअरिंगला आलेला माणूस मला अजून भेटायचाय. मुलगे कबूल करणार नाहीत, पण बहिणीच्या भातुकलीत 'ऑफिसहून आलेले बाबा' होऊन त्यांनीही चुरमुऱ्यांचा भात खाल्लेला असतो. त्या खेळात कोणी जिंकत नाही, पॉइंट मिळत नाहीत, लेव्हल वाढत नाही. एकच अट असते, चुरमुऱ्यांना भात म्हणायचं. 'हे तर नुसते चुरमुरे आहेत' असं जो म्हणतो, त्याला पुढच्या वेळी कोणी बोलवत नाही!

ऑनलाइन गेममधला 'कॅरेक्टर रोलप्ले' म्हणजे हीच भातुकली, फक्त शहराएवढी मोठी. आता आपल्या हॉस्टेलवर गेमिंग म्हटलं की बीजीएमआय नाहीतर व्हॅलोरंट. रात्री अकराला एखाद्या रूममधून 'अगं मागे बघ, मागे!' असा ओरडा आला की समजायचं, अभ्यास चालू नाही. ते खेळ वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. पण तिथे तुम्ही कोण आहात याला काही किंमत नसते, नेम चांगला असला की झालं. रोलप्लेमध्ये नेम कसाही चालतो. तुम्ही कोण आहात, तुम्हाला काय हवंय, तुम्ही कशाला घाबरता, हे मात्र ठरवून यावं लागतं. आणि मग अनोळखी माणसांच्या गर्दीत तास-दोन तास त्या माणसासारखं वागायचं.

हे सुरू कसं करायचं ते या लेखात सांगणार आहे. आणि त्याबरोबर माझं एक मत मांडणार आहे : रोलप्ले चांगला करायचा असेल तर हिरो होऊ नका. हरायची तयारी ठेवा आणि समोरच्याला जागा द्या. हे फक्त गेमपुरतं खरं आहे असं मला वाटत नाही. (मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घेतलं असेलच!)

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. 'तू एका रस्त्यावर उभा आहेस' असं स्क्रीनवर यायचं, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्या टर्मिनलवरचा दुसरा माणूसही उभा असायचा. आजच्या बहुतेक ऑनलाइन दुनियांची वंशावळ तिथपर्यंत जाते. म्हणजे हा सगळा उद्योग कॉलेजच्या दोन पोरांनी सुरू केला. (एचओडी सरांनी कृपया नोंद घ्यावी.) बार्टल यांनी पुढे सांगितलंय की, माणूस कुठल्या घरात जन्मला यावरून त्याची पायरी ठरवणारी इंग्लंडमधली पद्धत त्यांना खटकायची आणि मडमध्ये माणसाला ते ओझं बाजूला ठेवता यावं असा त्यांचा हेतू होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आजकालचं बघू. 'जीटीए फाइव्ह' २०१३ मध्ये कन्सोलवर आणि २०१५ मध्ये पीसीवर आला. त्यात लॉस अँजेलिसच्या धर्तीवर उभं केलेलं लॉस सँटॉस नावाचं शहर आहे. मूळ गेममध्ये ते शहर गाड्या पळवायला आणि लुटालूट करायला दिलंय. पण 'फाइव्हएम' नावाचं सॉफ्टवेअर काही लोकांनी स्वतःच लिहिलं, ज्यामुळे त्या शहराचा आपला आपण सर्व्हर चालवता येतो आणि नियमही आपले ठेवता येतात. २०१५ मध्ये गेमची मालक कंपनी रॉकस्टारने फाइव्हएमवर काम करणाऱ्यांची अकाउंट बंद केली होती. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच रॉकस्टारने फाइव्हएम बनवणारी टीम आपल्यात सामील करून घेतली! मधल्या काळात झालं काय? तर लुटायला दिलेल्या शहरात लोक टॅक्सी चालवायला लागले, ॲम्ब्युलन्सवर नोकरी करायला लागले, गॅरेज टाकून बसले, कोर्टात वकिली करायला लागले. बंदुका आहेतच, पोलीस आहेत, चोरही आहेत. पण चोराला पळून जाण्यापेक्षा पकडलं गेल्यावर काय बोलायचं याची जास्त तयारी करावी लागते.

सुरुवातीला लागतं काय? बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी किंवा लॅपटॉप, गेमची स्वतः विकत घेतलेली प्रत, फाइव्हएम (हे फुकट आहे), आणि माइक असलेला हेडफोन. गेमला शंभर जीबीच्या वर जागा लागते. हॉस्टेलच्या वायफायवर डाउनलोड लावलंत तर आजूबाजूच्या चार रूम तुमच्या नावाने शंख करतील, म्हणून सुट्टीत घरूनच करून आणा. ज्यांचा लॅपटॉप फक्त जर्नल टाइप करण्यापुरता जिवंत आहे त्यांनीही निराश होऊ नये. नुसत्या मजकुरावर चालणारे मड आजही आहेत, आणि ते कुठल्याही डबड्यावर चालतात.

सर्व्हर निवडताना घाई करू नका. काही सर्व्हरवर थेट शिरता येतं. काहींवर आधी अर्ज भरावा लागतो, आपल्या पात्राची माहिती लिहावी लागते आणि नियमांवर तोंडी परीक्षाही होते. होय, ओरलने तिथेही पाठ सोडलेली नाही! माझा सल्ला असा की अर्जवाला सर्व्हर घ्या. जिथे शिरायला पाच मिनिटं लागतात तिथे सीन मोडायला पाच सेकंद लागतात. आणि खेळायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी दुसऱ्यांचा खेळ नुसता बघा. युट्यूबवर भरपूर सापडतो.

नियमांची नावं इंग्रजी असतात आणि ऐकून घाबरायला होतं. पण खरं सांगू का, हे सगळे नियम आपण गल्लीत खेळताना पाळलेले आहेत.

'मेटागेमिंग' म्हणजे तुम्हाला माहीत असलेली पण तुमच्या पात्राला माहीत नसलेली गोष्ट वापरणं. समोरचा खेळाडू स्वतःचा खेळ लाइव्ह दाखवतोय, तुम्ही तो बघितला आणि तो लपलाय तिथे बरोब्बर जाऊन उभ्या राहिलात. राजा-राणी-चोर-शिपाईमध्ये दुसऱ्याची चिठ्ठी चोरून बघण्यासारखंच हे.

'पॉवरगेमिंग' म्हणजे शुद्ध रडीचा डाव. 'तुला पकडलं', 'नाही पकडलं, मी आधीच सुटलो'! इथे एक बारीक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपलं पात्र काय करतंय हे सांगायला 'स्लॅश-मी' नावाची कमांड असते. त्यात 'त्याच्या खिशाकडे हात नेते' असं लिहायचं. 'त्याचं पाकीट काढून घेते' असं लिहायचं नाही. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे, दुसरी समोरच्याच्या. त्याला उत्तर द्यायला जागा ठेवली तरच सीन होतो.

तिसरा नियम जिवाच्या भीतीचा. तुमच्यावर कोणी बंदूक रोखली तर हात वर करायचे. पडद्यावरचा माणूस मेला तरी आपण परत उभे राहणार हे आपल्याला माहीत असतं, पण त्या माणसाला ते माहीत नसतं. बाकीच्या गेममध्ये बंदूक दिसली की आपणही बंदूक काढतो. इथे तसं केलंत तर तुम्हाला सर्व्हरवरून बाहेर काढतात. 'जीटीए म्हणजे मारामारी' असं म्हणणाऱ्या सर्व काका-मावशींना माझी विनंती आहे की जरा हा नियम वाचावा.

आता पात्र. बहुतेक नवीन लोक इथेच फसतात. सगळ्यांना एकदम डॉन व्हायचं असतं, नाहीतर आई-वडिलांच्या खुनाचा बदला घ्यायला आलेला, कोणाशी न बोलणारा कमांडो. अहो, कोणाशीच बोलायचं नसेल तर मल्टिप्लेअर कशाला खेळता? नाव साधं ठेवा, रेशन कार्डावर शोभेल असं. मग चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. हा माणूस पोट कसं भरतो? या महिन्यात त्याला काय हवंय? (जग जिंकायचं नको, घरभाडं, गाडीची दुरुस्ती, भावाची फी, असं काही.) त्याला काय जमत नाही? आणि या शहरात त्याला कोणाची गरज आहे? एवढं पुरतं. दहा पानी पूर्वेतिहास लिहू नका, तो ऐकायला कोणाला वेळ नसतो.

सुरुवातीला टॅक्सी चालवणं सगळ्यात उत्तम. लोक आपणहून येऊन तुमच्या शेजारी बसतात आणि प्रत्येकजण आपापली गोष्ट घेऊन येतो. तुम्ही फक्त विचारायचं, 'कुठे जायचं?'

चार प्रश्नांतला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. काय जमत नाही? कमतरता नसेल तर पात्राला दुसऱ्याची गरज पडत नाही, आणि गरज नसेल तर सीन घडत नाही. माझं पात्र एक टॅक्सीवाली बाई आहे. ती सांगलीकडून आलेली आहे, तिला रस्ते पाठ आहेत, हिशोब पक्का आहे, आणि इंग्रजी जेमतेम येतं. सर्व्हरवर सगळे इंग्रजीत बोलतात. मी मराठी वळणाचं, अडखळतं, तुटक इंग्रजी बोलते.

आता गंमत बघा. काही प्रवासी माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत 'जाऊ दे' म्हणून उतरून जातात. काही मोठ्या आवाजात बोलतात, जणू मला ऐकू येत नाही! एका डॉक्टर झालेल्या खेळाडूने मात्र गाडी बाजूला घ्यायला लावली, नकाशावर खूण करून दाखवली, आणि तेच वाक्य सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं. त्यानंतर अर्धा तास आम्ही बोलत होतो, त्यांनी स्वतःच्या पात्राचं कर्ज, बदली, सगळं सांगितलं. बाकीच्यांना यातलं काहीच मिळालं नाही. आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. डोकं माझंच होतं, शॉर्टकट तेवढेच माहीत होते. फक्त इंग्रजी काढून घेतलं, तर लोकांनी डोकंही गेलं असं धरलं.

हे वाचताना तुम्हाला आपला ओरलचा दिवस आठवला असेल. एक्स्टर्नल येतात, फाडफाड इंग्रजीत विचारतात. ज्याने रात्रभर बसून सर्किट चालू केलंय, ज्याला प्रत्येक वायर कुठून कुठे गेलीय ते माहीत आहे, तो दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकलेला. तो गप्प उभा. आणि त्याचा पार्टनर, ज्याने बॉक्सला रंग दिलाय, तो छान इंग्रजीत उत्तर देतो. मार्क कोणाला जास्त पडतात ते मी सांगायला नको. यात कोणी मुद्दाम वाईट वागतं असं नाही. पण माझ्या टॅक्सीतून जसे प्रवासी उतरून जायचे तसंच हे, वाक्य संपायची वाट कोणी बघत नाही. सर-मॅडमना नम्र विनंती, अशा वेळी 'मराठीत सांग' हे दोन शब्द बोलून बघा. समोर वेगळाच विद्यार्थी उभा राहील.

आणि खेळणाऱ्यांना एक सूचना. कमतरता असलेलं पात्र घ्यायचं म्हणजे त्याची टिंगल करायची असं नाही. खेडवळ हेल काढून हशा मिळवणं सोपं आहे. पण तुमच्या शेजारी त्याच गावची तुमची रूम पार्टनर बसलीय असं समजा. तिला ते ऐकून मजा वाटेल की ती उठून जाईल? उठून जाणार असेल तर पात्र बदला.

आता ज्याशिवाय यातलं काहीच खरं नाही ते सांगते. रोलप्लेमध्ये दोन बाजू असतात. 'आयसी', म्हणजे पात्र बोलतंय, आणि 'ओओसी', म्हणजे खेळणारा माणूस बोलतोय. लहानपणी खेळताना आपण 'टाइम प्लीज' म्हणायचो ना, ओओसी म्हणजे तेच. बुटाची लेस सुटली, आई बोलावतेय, रडायला येतंय... 'टाइम प्लीज' म्हटलं की सगळे थांबायचे. राज्य ज्याच्यावर असेल तोही थांबायचा. कोणी का म्हणून विचारायचं नाही.

मुलगी म्हणून व्हॉइस चॅटवर खेळायचं तर याची किंमत फार लवकर कळते. माइक सुरू केला आणि मुलीचा आवाज आला की काही जणांचं पात्र गळून पडतं आणि मालक बाहेर येतो. अपहरणाचा सीन चाललाय म्हणून वाट्टेल ते बोलायचं, आणि आपण हरकत घेतली की 'अगं, कॅरेक्टरमध्ये होतो' म्हणायचं! चांगल्या सर्व्हरवर याला थारा नसतो. काही प्रकारचे सीन समोरच्याने आधी हो म्हटल्याशिवाय करताच येत नाहीत, आणि काही तर हो म्हटलं तरी नाहीत. म्हणून मुलींनो, सर्व्हर निवडताना हा नियम लिहिलेला आहे का आणि ॲडमिन तो पाळायला लावतात का, ते आधी बघा. रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्रास झाला तर सीन पूर्ण करत बसू नका. ओओसी बोला, बाहेर पडा, क्लिप ॲडमिनकडे द्या. खेळ आपल्यासाठी आहे, आपण खेळासाठी नाही.

आणि हाच नियम घेऊन आपल्या हॉस्टेलांकडे बघितलं तर? 'इंट्रो'च्या नावाखाली फर्स्ट इयरच्या पोराला उभं करून 'हिरोइनला प्रपोज कर', 'कोंबडा हो' म्हणतात, तेव्हा सीनिअर काय म्हणतात? 'मजा होती, ॲक्टिंग होती.' बरोबर, ॲक्टिंगच होती. पण त्या पोराला 'टाइम प्लीज' म्हणता येत होतं का? आणि त्याने म्हटलं असतं तर कोणी थांबलं असतं का? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, नोटीस बोर्डवर दरवर्षी लागतो. कायदा हवाच. पण खेळ कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो हे ओळखायला मला गल्लीतला हा एक नियम पुरेसा वाटतो.

आता आक्षेप. पहिला वेळेचा. हा खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. रोलप्लेचा एक सीन रंगायला दोन-तीन तास सहज जातात आणि मधून उठता येत नाही, कारण आपण उठलो की चार जणांचा सीन पडतो. म्हणून वार ठरवून घ्या. पीएल आणि सबमिशनच्या आठवड्यात अजिबात नाही. मेसची वेळ चुकायला लागली, मैत्रिणींशी बोलण्यापेक्षा पात्रातच बरं वाटायला लागलं, की समजायचं, आता स्वतःलाच 'टाइम प्लीज' म्हणायची वेळ आली.

दुसरा आक्षेप, 'हे सगळं खोटं आहे.' यावर मी मात्स स्टीनचं उदाहरण देईन. हा नॉर्वेचा मुलगा, १९८९ चा जन्म. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या आजारात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. व्हीलचेअरवर बसून तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये इबेलिन नावाचं पात्र खेळायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आई-वडिलांना वाटत होतं, मुलगा एकटाच राहिला, त्याला मित्र मिळाले नाहीत. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं लिहिलं आणि वेगवेगळ्या देशांतून पत्रं यायला लागली. कोणाच्या घरातलं भांडण त्याने समजुतीने मिटवलं होतं, कोणाला एकटेपणात साथ दिली होती. गेममधले काही मित्र अंत्यविधीला आले. त्याच्या गटाने गेममधलं संभाषण जपून ठेवलं होतं. त्यावरून बनलेली डॉक्युमेंटरी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. जरूर बघा, रुमाल जवळ ठेवून. इबेलिन खोटा होता, मान्य. पण त्याने धीर दिला ती माणसं खरी होती.

तर करायचं काय? माझा एक प्रस्ताव आहे. सुरुवात कॉम्प्युटरशिवाय करू. एखाद्या शनिवारी कॉमन रूममध्ये सात-आठ जणांनी बसायचं, प्रत्येकाने ते चार प्रश्न कागदावर लिहून आणायचे आणि एक तास एसटी स्टँडवर गाडी चुकलेले प्रवासी व्हायचं. संवाद लिहायचे नाहीत. आपल्या कोकणातल्या दशावतारात नटांना लिहिलेले संवाद नसतात, उभ्या उभ्या बोलायचं असतं, आणि रात्र निघून जाते. आपल्याला एक तास जमणार नाही का? ते जमलं की पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी मनावर घ्यावं. फाइव्हएमची स्क्रिप्ट लुआ किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिता येते, म्हणजे हा मिनी प्रोजेक्टसुद्धा होऊ शकतो. आपला छोटासा सर्व्हर, भाषा मराठी. मग इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची पंचाईत होईल, आणि प्रत्येक ओरलला गप्प उभे राहणारे तिथे दणक्यात बोलतील. होऊ दे की! तेही एकदा व्हायला हवंय.

पहिल्या दिवशी अडखळाल, काय बोलावं सुचणार नाही. हरकत नाही, नवीन माणूस तिथेही कच्चा लिंबूच असतो आणि जुने लोक सांभाळून घेतात. फक्त बंदूक दिसली की हात वर करा, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या, आणि कोणी 'टाइम प्लीज' म्हटलं की थांबा. एवढं जमलं की बाकीचं ते शहरच शिकवतं. बघा, पटतंय का!